घर विकायचंय? रंगाचा डबा आणण्याआधी ओल बघा, कागद काढा

दिवाळी झाली की गावात दोन-चार घरं विक्रीला निघतात. कुणी पुण्यात स्थायिक झालेलं असतं, कुणाला लग्नासाठी पैसा लागतो, तर कुणाला कर्ज फेडायचं असतं. मग आधी काय करतात? रंगाचा डबा आणतात.

आमच्या चुलत्यांच्या घराचं असंच झालं. भिंतींना रंग दिला, घर नव्यासारखं दिसायला लागलं. पण पंधरा दिवसांत भिंत खालून फुगली. बघायला आलेल्या माणसानं नखानं पापुद्रा काढला आणि विचारलं, "ओल कुठून येतीय? अन् उताऱ्यावर नाव कुणाचं आहे?" नाव अजून आजोबांचंच होतं. व्यवहार सात महिने लांबला आणि शेवटी भाव पाडूनच द्यावं लागलं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कागद, मग दुरुस्ती, रंग सगळ्यात शेवटी.

कागद कोणते?

ग्रामपंचायतीचा नमुना 8, ज्याला आपण घराचा उतारा म्हणतो, तो काढा. पण तो घरपट्टीचा कागद आहे. नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होत आहे. तुमच्या गावची झाली असेल तर मालमत्ता पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सनद मिळते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतंय का, हेही बघा. घर गावठाणाबाहेर शेतात असेल तर सातबारा आणि बिनशेती परवानगी बघितली जाते.

घर वाडवडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. वडील वारले असतील तर आईचाही हिस्सा असतो. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. म्हणजे बहीण सासरी गेली म्हणून तिला वगळता येत नाही. एक तर तिनं खरेदीखतावर सही करून तिचा वाटा घ्यावा, नाहीतर स्वखुशीनं हक्कसोडपत्र द्यावं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं पाहिजे. साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरीची सही पुरत नाही.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. घरावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो आधीच सांगा. घरकुल योजनेतलं घर असेल तर विकता येतं का, हे पंचायत समितीत विचारल्याशिवाय इसार घेऊ नका.

दुरुस्ती कुठं करायची?

मोठा खर्च करू नका. नवीन फरशी घातली म्हणून तेवढे पैसे परत मिळतीलच असं नाही. पण पाणी कुठून येतं ते शोधा. पत्र्याची भोकं बुजवा, फुटकी कौलं बदला. माळवद असेल तर पांढरी माती टाकून उतार नीट करा. पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर ते लांब काढा. लोणा लागलेला गिलावा खरवडून, भिंत पूर्ण वाळल्यावरच नवा करा. ओल्या भिंतीवरचा रंग टिकत नाही. दारं-खिडक्या नीट लागतात का, बटणं चालतात का, मोरीचं पाणी तुंबतं का, हेही बघून घ्या.

मग घर मोकळं करा. मोडकी सायकल, रिकामी पोती, फवारणीचे डबे, जुना पलंग काढला की तीच खोली मोठी दिसते. अंगण झाडा, दारातला उकिरडा हलवा. गोठा घराला लागून असेल तर माणूस बघायला यायच्या आधी शेण काढून घ्या.

फोटो काढताना

हल्ली गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर घर बघतं. सकाळच्या उजेडात, दारं-खिडक्या उघडून, फोन आडवा धरून खोलीच्या कोपऱ्यातून फोटो काढा. समोरचा रस्ता, नळ आणि संडास-बाथरूमचेही घ्या. कागदपत्रांचे आणि आधार कार्डाचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.

दोष लपवू नका

बघून लक्षात येणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो घेणाऱ्याला सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं बंधनकारक आहे. भिंत कुठं खचली, शेजाऱ्याशी बोळाचा वाद आहे का, ते सांगून टाका. नंतर कळलं तर व्यवहार मोडतो आणि वर भांडण लागतं.

इसार खात्यावरच घ्या. घर-जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. घेणाऱ्यालाही एक गोष्ट सांगा. राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

आणि घरात म्हातारी आई राहत असेल तर गिऱ्हाईक आणण्याआधी तिच्याशी बोला. ती कुठं राहणार, हे आधी ठरवा. तिची सही लागतेच, पण नुसती सहीच मागायला जाऊ नका.