भोक बुजवल्याशिवाय काम संपत नाही

लेखमाला : सुरक्षित इमारत – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण वायरिंगवर पडणारा भार पाहिला. आज त्या वायरी ज्या भोकांतून मजले ओलांडतात, त्या भोकांविषयी.

मागच्या महिन्यात कर्जतमधल्या एका तीन मजली इमारतीत गेलो होतो. खाली दुकानं, मधे क्लास, वर राहती घरं. जिन्याशेजारच्या इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडून वर बॅटरी मारली. प्रत्येक स्लॅबमध्ये हाताचा पंजा सहज जाईल एवढं भोक. एकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, दुसऱ्यात पिवळट फोम, आणि तोही फोडून इंटरनेटची नवी केबल वर गेलेली.

डक्ट म्हणजे उभी पोकळी. खाली आग लागली की गरम हवा आणि धूर धुराड्यातून चढावा तसा तिथून चढतो. तळमजल्यावर मीटरबोर्ड पेटला, तर वरच्या घरातल्या माणसाला ज्वाळा दिसण्याआधीच धूर गाठतो. आगीत बरेच जीव भाजण्यापेक्षा धुरानं जातात.

नगर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. व्हेंटिलेटरवरचा माणूस उठून पळू शकत नाही. अशा ठिकाणी आग आणि धूर लागल्या खोलीतच अडवून धरता आला, तर बाकीच्या रुग्णांना हलवायला वेळ मिळतो. भिंती आणि स्लॅब हेच काम करतात, पण त्यांना भोकं नसतील तरच. शेताचा बांध कितीही भक्कम घातला, तरी घुशीच्या एका बिळातून पाणी निघून जातं, तसंच हे.

म्हणून भोकं बुजवायची ती आग सोसणाऱ्या मालानं. त्याला फायर स्टॉप म्हणतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे विजेची डक्ट प्रत्येक मजल्यावर अशा मालानं बंद करायची असते, आणि स्लॅब जितके तास आग सोसतो तितके तास ही बुजवणीही टिकायला हवी. केबलभोवती रॉकवूल दाबून भरतात आणि वरून अग्निरोधक सीलंट लावतात. पीव्हीसी पाइपचं गणित वेगळं. नुसत्या सिमेंटनं भागत नाही, कारण पाइप आगीत मऊ पडून वितळतो आणि भोक पुन्हा मोकळं होतं. तिथं पाइपाला कॉलर बसवतात. कॉलरमधला माल उष्णतेनं फुगतो आणि मऊ झालेला पाइप आवळून भोक बंद करतो.

साधा फोम मात्र चालत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी केबलच्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार मेणबत्ती धरून तपासत होते. हवेच्या ओढीनं ज्योत भोकात खेचली गेली, आतला पॉलियुरेथेन फोम पेटला, आणि सात तासांच्या आगीत सुमारे १६०० केबली निकामी झाल्या. भोक बुजवायला वापरलेला मालच पेटला!

चांगली बुजवणीसुद्धा एकदा करून विसरायची गोष्ट नव्हे. कॅमेरा आला, एसी आला, सोलरची वायर आली, की कुणीतरी ती फोडतो. सीलंटला भेगा पडतात, उंदीर रॉकवूल कुरतडतात, गळतीनं माल सुटतो. लहान भेगेवर त्याच जातीचं सीलंट भरून भागतं. माल हलत असेल, ओला असेल किंवा कशाचा आहे हेच कळत नसेल, तर वरून लिंपण करू नका. सगळा काढा, कडा ब्रशनं साफ करा, उत्पादकानं सांगितलेल्या जाडीनं नव्यानं भरा. शेजारी चिठ्ठी लावा : तारीख, माल, काम करणाऱ्याचं नाव. वही ठेवा, प्रत्येक भोकाला नंबर द्या, फोटो काढा. जिथं वरचेवर वायरी बदलतात तिथं काढ-घाल करता येणाऱ्या अग्निरोधक उशा बऱ्या पडतात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतींच्या मालकांना किंवा भोगवटादारांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सिलिंडर आणि पंप तपासायला माणूस येईल, त्याच दिवशी डक्टची दारंही उघडून घ्या. तुमची इमारत लहान असली, तरी याच दोन महिन्यांत बॅटरी घेऊन स्वतः एकदा पाहा.

आणि एक नियम आजपासून पाळा. वायरमन, प्लंबर, केबलवाला, कुणीही असो, ज्यानं भोक पाडलं त्यानंच ते त्याच दिवशी नीट बुजवायचं, हे काम ठरवतानाच सांगा. पैसे हातावर ठेवण्याआधी डक्टचं दार उघडून भोक डोळ्यांनी बघा.

(पुढच्या आठवड्यात : जिना मोकळा का हवा)