मन लावून – १४ : पोस्टमन आणि परवचा

आज ओक्लाहोमातल्या लाकडाच्या ट्रकांविषयी लिहायचं ठरलं होतं, पण ते वाटेतच थांबवावे लागले. कारण साताऱ्याहून आलेलं एका आजींचं पत्र. त्यांच्या घरी पाढ्यांवरून वाद पेटलाय. सूनबाई दर रविवारी अंकलिपी समोर ठेवून नातवाकडून तीन तास पाढे वाचून घेतात. आजींचं म्हणणं, रोज दिवेलागणीला परवचा होऊ द्या. खरं कोणाचं?

हा वाद ब्रिटनच्या टपाल खात्यातही होता, फक्त पाढ्यांच्या जागी टंकलेखन होतं. पोस्टकोड आले, पत्रांची वर्गवारी यंत्रावर होऊ लागली आणि पोस्टमनना कळफलक शिकवणं भाग पडलं. दिवसाला किती तास शिकवायचं? केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी ७२ पोस्टमनच्या चार तुकड्या केल्या. एका तुकडीला रोज एकच तास. दुसरीला दोन वेळा एकेक तास, तिसरीला सलग दोन तास, चौथीला दोन-दोन तास दोनदा, म्हणजे दिवसाला चार. निष्कर्ष १९७८मध्ये प्रसिद्ध झाले.

रोज एक तासवाल्यांना कळफलक सुमारे ३५ तासांत आला. चार तासवाल्यांना त्यासाठी ५०च्या आसपास तास लागले.

गंमत पुढेच आहे. सर्वांत कमी तासांत शिकलेली ही तुकडीच सर्वांत नाराज होती! आठवड्याचे पाच दिवस धरले, तर एक तासवाल्यांचे सात आठवडे गेले आणि चार तासवाले अडीच आठवड्यांत मोकळे झाले. तास कोण मोजतो? शेजारचा पुढे गेला, एवढंच दिसतं.

पण आजींच्या परवच्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पोस्टमनच्या प्रयोगात नव्हती. परवचा म्हणताना अंकलिपी मिटलेली असते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६मध्ये नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्यानं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तरी आपल्याला चांगलं आठवेल, ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. चार सत्रांत मिळून डोळ्यांखालून चौदा वेळा गेलेला मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच पाठ झालं असं वाटू लागतं.

म्हणून नातू ‘एकोणतीस साती…’ म्हणून अडखळला, तर आजींनी लगेच उत्तर पुरवू नये. थोडा वेळ छताकडे बघू द्यावं. नाहीच आलं तर मग सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करावी.

सूनबाईंच्या बाजूनंही एक आकडा आहे. याच प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारेच पुढे होते : ८३ विरुद्ध ७१ टक्के. त्यामुळे रविवारनंतर सोमवारच्या चाचणीत नातवाला पैकीच्या पैकी पडले, तर आजींनी ते गुण मान्य करावेत. फक्त तीच चाचणी न सांगता पुढच्या सोमवारी पुन्हा घ्यावी आणि काय झालं ते कळवावं.

ट्रक पुढच्या आठवड्यात.