गोडंबी गोड, बिब्बा जहाल

थंडी पडली की नागपुरात घरोघरी डिंकाचे लाडू होतात. त्यातली गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो पौष्टिक, पण टरफलातले काळे तेल कातडी जाळते. गेल्या हिवाळ्यात एक आजीबाई माझ्याकडे आल्या. टाचेच्या भेगांवर बिब्ब्याचा चटका दिलेला. पाऊल फोडांनी भरलेले, चेहरा सुजलेला. बरे व्हायला तीन आठवडे लागले. बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हातही असेच पोळतात. तेल लागल्यास लगेच साबणाने धुवा, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजू सोसत नसेल त्यांनी गोडंबीही टाळावी. बाकीच्यांनी लाडू जरूर खावेत. बिब्बा मात्र अंगाला लावू नये.