परसातील अनोळखी अंजिराची ओळख

दिघीसारख्या बंदराच्या गावी परसात वाढलेल्या अंजिराची काडी पुण्याकडून आलेली असू शकते, तशीच ती परदेशी गेलेल्या माणसाच्या सामानातूनही आलेली असू शकते. (परवान्यावाचून अशी काडी आणण्यास कायद्याने बंदी आहे.) झाडाची जात ठरल्यावाचून त्याच्या काड्या शेजाऱ्यांस देऊ नयेत. काडीपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखेच निघते. फळ न धरणाऱ्या झाडाच्या काड्या लावल्यास दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाते.

प्रथम झाड अंजिराचेच आहे याची खात्री करावी. कोकणात ओढ्याकाठी आढळणाऱ्या बोखेड्याची, म्हणजे काळ्या उंबराची, पानेही खरखरीत असतात; परंतु ती बहुधा समोरासमोर येतात व फळे खोडावर आणि लोंबत्या, पाने नसलेल्या फांद्यांवर लागतात. अंजिराची पाने एकाआड एक असून बहुधा तीन ते पाच भागांत विभागलेली असतात. फळ पानाच्या बगलेत येते.

पानावरून जात मात्र ठरविता येत नाही, कारण एकाच झाडावर निरनिराळ्या आकाराची पाने असतात. जात फळावरून ओळखावी, आणि तेही उन्हाळी फळावरून. रायगड किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात वाढलेले फळ पाणचट होऊन तडकते व तांबेऱ्याने पाने गळतात. अशा फळावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. मार्च ते मे महिन्यांत पूर्ण पिकलेली चार-पाच फळे घेऊन वजन, आकार, सालीचा व गराचा रंग, देठाची लांबी आणि टोकावरील डोळा उघडा की मिटलेला, हे लिहून ठेवावे. तोडताना निघणारा चीक कातडीस लागू देऊ नये.

पूना अंजीर मध्यम आकाराचे, घंटेसारखे, ३० ते ६० ग्रॅम वजनाचे असून साल फिकट जांभळी व गर लाल असतो. डायना जातीचे फळ मोठे व हिरवट पिवळे असते.

फळे धरून न पिकताच गळत असतील, तर पाण्याचा ताण व रोग नसल्याची खात्री करून बियाणाचा इतिहास विचारावा. पूना अंजीर परागीकरणावाचून पिकते. स्मर्ना वर्गातील अंजिरास मात्र रानअंजिरातून पराग आणणारा बारीक कीटक लागतो. तो नसेल तेथे फळे गळून पडतात. सॅन पेद्रो वर्गात पहिला बहार पिकतो, पुढचा गळतो. म्हणून दोन्ही बहार पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. बाजारातील सुक्या अंजिरातील बी पेरून वाढविलेले झाड असेल, तर नाव शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक रोप वेगळे निघते, आणि त्यांपैकी सुमारे निम्मी रानअंजिराच्या वळणाची, खाण्यास निरुपयोगी असतात.

एवढ्यावर उलगडा न झाल्यास पुरंदर तालुक्यातील जाधववाडी येथील अंजीर व सीताफळ संशोधन केंद्राकडे पत्राने विचारणा करावी. सोबत नोंदी, कापलेल्या फळाचे छायाचित्र आणि कागदात दाबून वाळविलेली दोन-तीन पाने पाठवावीत. उत्तर येईपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्याने नोंदवहीत ‘दिघी, अनोळखी’ एवढेच नाव लिहावे व काडी कोणी, कोठून आणली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यापुढे टिपावे.