हिमप्रदेशावरील युद्धविमानांचें चित्रण

मानवतसारख्या गांवच्या माणसानें बर्फावर बोलावें, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. आमच्या परभणी जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं. पांढरें म्हणून आम्ही जें पाहतों तें कापसाच्या गंजीचें. तथापि बर्फाच्छादित भूमीवरून जाणारें युद्धविमान हा जो चित्रविषय पाश्चात्त्य देशांत फार लोकप्रिय आहे, त्याचा आमच्या मुलखाशीं एक जुना धागा आहे. पुष्कळांस तो ठाऊक नाहीं.

मानवत त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. पहिल्या महायुद्धांत उस्मान अली खान या सातव्या निजामानें ब्रिटिश सरकारास विमानांसाठीं द्रव्य दिलें. त्यांतून 110 व्या तुकडीस डी. एच. 9 ए जातीचीं बाँबफेकी विमानें मिळालीं आणि प्रत्येकावर निजामाच्या देणगीचा लेख रंगविला गेला. त्यांपैकीं एक विमान 5 ऑक्टोबर 1918 रोजीं जर्मनांच्या हातीं पडलें. तें बर्लिनच्या संग्रहालयांत गेलें, दुसऱ्या महायुद्धांत पोलंडांत पोंचलें, आणि 1977 सालीं लंडनजवळ हेंडनच्या संग्रहालयांत परत आलें. दुसऱ्या महायुद्धांत 152 व 253 या दोन तुकड्यांना हैदराबादचें नांव होतें. 152 व्या तुकडीच्या बोधचिन्हांत तर निजामाचें शिरोभूषणच आहे. देणगी निजामाच्या नांवें नोंदली गेली हें खरें. परंतु राज्याचा खजिना काय किंवा निजामाची खासगी मिळकत काय, दोहोंचा मोठा ओघ शेतसाऱ्यांतूनच येत असे. तेव्हां त्या लेखाच्या एखाद्या अक्षराचा रंग मराठवाड्याच्या कुणब्यानें भरला, असें मी म्हटलें तर अतिशयोक्ति होऊं नये.

आतां चित्राकडे वळूं. ही 152 वी तुकडी ऑक्टोबर 1939 मध्यें इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थंबरलंड परगण्यांतील ॲक्लिंग्टन येथें पुन्हां उभी राहिली. आरंभीं तिजपाशीं ग्लॅडिएटर हीं दुपंखी विमानें होतीं. 1940 च्या प्रारंभीं स्पिटफायर आलीं. तो हिवाळा इंग्लंडांत फार कडक गेला. चित्रकारास याहून चांगला प्रसंग कोणता हवा? पण येथेंच तो फसण्याचा संभव फार.

पहिली गोष्ट रंगाची. त्या वेळच्या स्पिटफायरची पाठ गर्द हिरव्या व मातकट तपकिरी पट्ट्यांची असे. शेतें आणि झाडी यांवर दृष्टीस चकविण्यासाठीं ती योजना होती. बर्फ पडतांच ती सपशेल निरुपयोगी ठरे व विमान वरून अधिकच उठून दिसे. पोटाकडची बाजू तर चमत्कारिक होती. एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा, अशी ती रीत जून 1940 पर्यंत चालली. आपल्याच तोफखान्यास व टेहळणी करणारांस विमान ओळखतां यावें हा त्यांत हेतु. पुढें पोटास फिकट हिरवट आकाशी रंग आला. त्या हिवाळ्याच्या देखाव्यांत हा नंतरचा रंग भरणारें चित्र कितीही सुंदर असलें तरी तें खोटेंच.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि मला तीच खरी गोडीची वाटते. मानवतेंत 22 डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवर असतो. म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षां किंचित् कमीच. ॲक्लिंग्टनला त्याच वेळीं सूर्य अवघा 11 अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या पांच पट पडते. मग हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानाची सावली त्याच्या खालीं पडेल कशी? ती पांच हजार फूट दूर, जवळजवळ एक मैलावर पडावयाची. आणि सूर्य हा बिंदु नसून तबकडी असल्यामुळें इतक्या अंतरावर लहान विमानाची सावली विरून बहुतेक नाहींशीच व्हावयाची. विमानाच्या नेमकी खालीं रेखीव काळी सावली रंगविणाऱ्यानें भूमितीचा तास चुकविला असें खुशाल समजावें.

याच तिरप्या उन्हामुळें बर्फाचा प्रत्येक उंचवटा जागा होतो. दगडी कुंपणें, नांगराचे तास, गाडीच्या चाकोऱ्या, सर्वांची लांब निळी रेघ उमटते. निळी कां? सावलींतल्या बर्फावर ऊन पोंचत नाहीं. त्यास उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचाच. म्हणून काळा रंग पाण्यांत मिसळून बर्फाच्या सावल्या करणें ही मोठीच चूक. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेस बसणाऱ्या मुलांना मी हें कापसाच्या गंजीवर दाखवीत असें. सकाळच्या कोवळ्या उन्हांत गंजीची उजळ बाजू पिवळसर व छायेची बाजू निळसर दिसते. बर्फासाठीं हिमालयापर्यंत जाण्याचें कारण पडत नसे.

बर्फ आणखी एक करतो. खालून उजेड परत फेंकून तो विमानाचें पोट उजळतो. एरवीं सर्वांत अंधारी असणारी बाजूच तेथें उजळते. पांढरा पंख निळसर चमकतो, काळा मात्र काळाच राहतो. आभाळ भरलेलें असल्यास तर आकाश व भूमि यांची सीमाच पुसली जाते. वैमानिकास ती स्थिति प्राणघातक ठरूं शकते. चित्रकारानें ती साधली तर पाहणाऱ्यालाही क्षणभर वर कोणतें आणि खालीं कोणतें हें कळेनासें होईल.

हिमालयांत मात्र नियमच बदलतात. 24 मे 1948 रोजीं एअर कमोडोर मेहर सिंग यांनीं जनरल थिमय्यांना घेऊन डाकोटा विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरविलें. दहा हजार फुटांहून अधिक उंचीची ती जागा. (आमच्या गांवावरचा निजामी अंमल त्या दिवशीं अद्याप चालूच होता; तो 17 सप्टेंबरला संपला.) दूरची वस्तु फिकट व निळी दाखवावी, असें चित्रकलेचें पुस्तक सांगतें. पण त्या विरळ, कोरड्या हवेंत पन्नास मैलांवरचें शिखर हाताच्या अंतरावर वाटतें आणि माथ्यावरचें आकाश गडद होतें. तेथें इंग्लंडचें धुकें घालणें अयोग्य. अंतर दाखवावयाचें तें विमानाच्या लहानपणानेंच.

पॉल नॅश या इंग्रज चित्रकारानें उलटा मार्ग धरला. मोडक्या जर्मन विमानांचा ढीग त्यानें चांदण्यांत गोठलेल्या समुद्रासारखा रंगविला. त्यांत खरा बर्फ नाहींच, तरी पाहणारास हुडहुडी भरते. एरिक रॅव्हिलियस हा दुसरा, विरळ जलरंगाचा. सप्टेंबर 1942 मध्यें आइसलंडजवळ शोधासाठीं निघालेल्या विमानांतून तो गेला आणि परतला नाहीं.

जलरंगांत काम करणारांस एक व्यावहारिक सूचना. पांढरा रंग पेटींतच राहूं द्या आणि कोरा कागद हाच बर्फ माना. आधीं आकाश, मग सावल्या, आणि विमान सर्वांत शेवटीं. पंख्याचीं पातीं मोजतां येतील अशीं काढूं नका. उडत्या विमानांत तेथें केवळ पुसट वर्तुळ दिसतें. आणखी एक राहिलें. हीच 152 वी तुकडी पुढें ब्रह्मदेशांत लढली व तेथें तिच्या स्पिटफायरांवर झेंप घेणारा काळा बिबळ्या रंगविलेला असे. तो मोह पडण्याजोगा आहे खरा. पण ॲक्लिंग्टनच्या बर्फावर त्या बिबळ्याला आणूं नये.