'बरं का' पकडायचं कसं?

कुणालाही विचारून बघा, "तुम्ही बोलताना 'म्हणजे' फार म्हणता का हो?" उत्तर येतं, "छे! म्हणजे... कधीतरी." झाला पुरावा! म्हणून परक्या भाषेत बोलणाऱ्यांच्या तोंडातले 'म्हणजे', 'मग', 'बरं का' टिपणारे अभ्यासक सरळ विचारत नाहीत, गनिमी कावा करतात.

जर्मनीत त्यासाठी थेट चॅप्लिनला कामाला लावलं. 'द इमिग्रंट' हा १९१७चा मूकपट दाखवायचा आणि गोष्ट इंग्रजीत सांगायला लावायची. सिमोन म्युलरबाईंच्या २००५च्या पुस्तकात निष्कर्ष आहे: जर्मन पोरं 'वेल' अमेरिकनांपेक्षाही जास्त म्हणतात! संशयाची एक सुई शाळेच्या पाठ्यपुस्तकाकडे वळते.

बेल्जियममधल्या लूवँच्या प्रकल्पात चार चित्रं पुढे ठेवतात. चित्रकार बाईचं चित्र काढतो, तिला ते पसंत पडत नाही, तो देखणं करून देतो, आणि बाई ते मैत्रिणींना मिरवते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना हे भलतंच आवडलं असतं. स्वतः कुंचला धरणारे राजे ते, १९१६चं 'चित्ररामायण' त्यांचंच. त्यांच्या भवानी संग्रहालयात कानडी मुलखातल्या पाहुण्याला एकेका चित्रापुढे मराठीत बोलतं करावं, रेकॉर्डर चालू ठेवावा (आधी विचारून, अर्थात).

खरी हमाली पुढेच. "जेवलो, मग निघालो" यातला 'मग' वेळ सांगतो, "मग, काय म्हणताय?" यातला नुसता बोलण्याला दार उघडतो. मशीन दोन्ही मोजतं. म्हणून एकेक 'मग' कानाने ऐकायचा, दोघांनी वेगवेगळी नोंद करायची, जुळते का पाहायचं, आणि हजार शब्दांमागे किती ते काढायचं. नाहीतर बडबड्या माणूस उगाच पहिला येतो.

पाहुण्याच्या मराठीत त्याची कानडी किती डोकावते, हा प्रश्नही उरतोच. त्या बाबतीत औंधच्या शेजारच्या सांगलीतलं कुपवाड तर भाषाशास्त्रात जगप्रसिद्ध. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१मध्ये दाखवलं की तिथल्या कानडी, उर्दू, मराठीचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना जवळजवळ एक झाली. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी हा दावा नव्याने तपासला.

टेपचं महत्त्व औंधशीच जोडलेल्या एका गोष्टीतून कळतं. बाळासाहेबांच्या संस्थानातल्या ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात राबलेले पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी पुढे अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं टेपवरून इंग्रजीत आणली. 'आय अ‍ॅम दॅट' १९७३मध्ये आलं. वाचक पुस्तकावर खूश. आमच्या अभ्यासकाला मात्र पुस्तक दिलंत तरी तो टेपच मागणार; 'बरं का' सापडायचं तर तिथेच.