कापडावरचे नाव

जळगावात नुकत्याच उघडलेल्या एका वस्त्रदालनाच्या दर्शनी काचेमागे जपानी रेशीम, उझबेकी इकत आणि बंजारा फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, एक जुना, भरतकामाचा तुकडा एकत्र शिवून केलेले जाकीट मांडलेले दिसले. रेशमाचा देश आणि इकतीचे शहर विनासायास सांगणाऱ्या तेथील विक्रेत्याला, आमच्या चाळीसगावकडच्या तांड्यांवरही होणारे ते भरतकाम कोठले, हे काही सांगता आले नाही. ‘माल दिल्लीहून येतो’ एवढेच त्याचे उत्तर, आणि ते आजतागायत मनात सलते आहे.

वास्तविक जगाच्या पेठेत कापड पाठविणे खानदेशाला नवे नाही. सतराव्या शतकात, बुऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे ठाणे असताना, तेथील तलम कापड इराण, तुर्कस्थान आणि पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने केली आहे. पुढची कंपनी सरकारची अमदानी, अमेरिकेतील यादवीने भडकलेला कापसाचा भाव, आगगाडी आणि जळगाव-धुळे-अमळनेरच्या गिरण्या हा सारा तपशील गॅझेटियरांच्या दफ्तरात नीट जपलेला असल्यामुळे त्यात रेंगाळण्याचे कारण नाही. फैजपूरपाशी मात्र थांबलेच पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने त्यासाठी बांबू आणि स्थानिक साहित्यातून टिळकनगर हे अधिवेशनस्थळ सजविले आणि शेजारीच खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले गेले. कला, वस्त्र आणि लोकसंस्कृती एका छताखाली आणण्याचे श्रेय आज ज्या दालनांना दिले जाते, त्यांच्या कितीतरी आधी हे कार्य आमच्या यावल तालुक्यात, केळीच्या बागांच्या शेजारी, सिद्धीस गेले होते.

माझ्या पिढीच्या वाट्याला आलेले दशक १९८७ नंतरचे. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या लायन गेटपाशी तरुण आणि सल ताहिलियानी यांनी रोहित खोसला यांच्यासह ‘आँसांब्ल’ हे अनेक वस्त्ररचनाकारांचे दालन उघडले, आणि तोवर ज्याचे नाव कोणी विचारीत नसे त्या शिवणाऱ्या-बेतणाऱ्या हाताच्या जागी कलावंताची स्वाक्षरी आली. भारतीय हस्तकौशल्याला मोल आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचे त्यांचे काम मोठे आहे, आणि १९९४ मध्ये अकाली निवर्तलेल्या खोसला यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

परंतु त्याच काळात आमच्याकडे जे घडत होते त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर पांढऱ्या गादीवर बैठक मारून बसलेला दुकानदार गिऱ्हाइकापुढे तागा सपकन उलगडी, त्याचे टोक चिमटीत धरून त्यावर छापलेले गिरणीचे नाव दाखवी आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. कापड कोठले, हे सांगणे हाच त्याच्या इतबाराचा पाया होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडकळीस आल्या, आमचेही भोंगे एकेक करून मुके झाले, आणि जळगावच्या खानदेश मिलच्या आवारात आज कापड विणले जात नाही, व्यापारी संकुल उभे आहे. त्याच दशकात मी चाळीसगावच्या बाजारात एक दलाल पाहिला. स्टीलचे दोन डबे पुढे सरकवून त्याने एका वृद्ध बंजारा बाईंचा फेटिया घेतला. त्याच्या पट्ट्यावर कवड्या ओवलेल्या होत्या, बोटाच्या नखाएवढ्या आरशांभोवती लाल-पिवळ्या दोऱ्याचे टाके इतके दाट होते की खालचे कापड दिसू नये. आणि त्याने तेथेच, त्यांच्या देखत, कात्रीने पट्टा वेगळा केला. ‘लग्नातला व्हता,’ एवढेच त्या म्हणाल्या. तो पट्टा पुढे कोणाच्या नाममुद्रेखाली विकला गेला हे मला ठाऊक नाही. पण अशाच पट्ट्यांवर शहरांतील अनेक दालने सजली, आणि त्या बाईंचे वा त्यांच्या तांड्याचे नाव कोठल्याही चिठ्ठीवर आले नाही, हा माझा जुना आणि आजही न मिटलेला दावा आहे.

हे अपरिहार्य होते असे कोणी म्हणेल, तर गोव्याकडे बोट दाखवावे लागेल. १२ फेब्रुवारी २०२० रोजी दिवंगत झालेले वेंडेल रॉड्रिक्स जगभर नावाजले गेले, तरी लोपत चाललेली कुणबी साडी त्यांनी पुन्हा विणून घेतली ती कुणबी या नावानेच, आणि कोलवाळच्या आपल्या राहत्या घरात गोव्याच्या पेहरावाचे संग्रहालय उभारण्याचा ध्यास घेतला. कर्नाटकातील संडूरच्या लमाणी, म्हणजेच बंजारा, भरतकामालाही गावाच्या नावासह भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

जळगावच्या त्या नव्या दालनाकडे माझी मागणी याहून फार मोठी नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून माल घेताना त्यांनी तांड्याचे नाव मागून घ्यावे, तालुका विचारावा, आणि किमतीच्या चिठ्ठीवर रचनाकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत दोन्ही छापावीत. तो व्यापारी सांगू शकत नसेल, तर चाळीसगावची गाडी रोज सुटते.